मातीमोलाचें माप

विंचूर हें नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांतील बाजाराचें गांव. लासलगांवच्या बाजार समितीचें उपबाजार आवार येथें असून आसपासच्या खेड्यांतील कांदा येथें लिलावासाठीं येतो. ज्या दिवशीं आवक फार होते त्या दिवशीं भाव कोसळतो, आणि गाडी रिकामी करून परत निघालेला शेतकरी म्हणतो, ‘माल मातीमोल गेला.’ अशाच एखाद्या गांवीं कुटुंबावर दुखण्यासाठीं वा लग्नकार्यासाठीं कर्ज झालेलें असतें. तें फिटत नाहीं. आणि अखेर दोन एकर बागाईत धनकोच्या नांवें पडेल त्या किंमतीस लिहून द्यावी लागते. तेंही कुटुंब हेंच म्हणतें कीं, ‘शेत मातीमोल गेलें.’ दोन्ही ठिकाणीं दुःख खरें आहे आणि शब्दही तोच आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीनें हे दोन प्रसंग एक नव्हेत. पहिल्यांत दाद नाहीं. दुसऱ्यांत ती कदाचित् मिळूं शकेल. मात्र ती मिळणें किंवा न मिळणें हें पुष्कळ वेळां ‘मातीमोल’ या शब्दाचें कायद्याच्या भाषेंत कोणतें रूपांतर केलें जातें यावर अवलंबून राहतें.

हा भेद नीट ध्यानांत यावयाचा तर एका परक्या शब्दाची हकीकत फार उपयोगी पडते. स्पॅनिश कायद्यांत ‘लेसिओन’ असा एक शब्द आहे. त्याचाच सख्खा भाऊ पोर्तुगीज भाषेंतील ‘लेझांव’. आणि गोव्यामुळें हा दुसरा शब्द मराठी मुलखाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन गेलेला आहे. दोघांचेंही मूळ लॅटिन भाषेंतील ‘लेझिओ’ म्हणजे इजा, दुखापत हें होय. वैद्यकांत अजूनही अंगावरील जखमेस किंवा विकृत भागास हाच शब्द लावतात. कायद्यांत मात्र ही जखम शरीराची नसून सौद्याची असते. विकणाऱ्यानें जें दिलें आणि त्यास जें मिळालें यांमध्यें जी भयंकर तफावत पडते, ती लेसिओन.

या कल्पनेचें मूळ रोमन कायद्यांत आहे. डायोक्लीशन बादशहाच्या नांवावर असलेला इ. स. २८५ मधील एक निर्णय सहाव्या शतकांत जस्टिनियनच्या संग्रहांत नोंदला गेला. जमीन तिच्या योग्य किंमतीच्या अर्ध्याहूनही कमी पैशांत विकली गेली असेल, तर विक्रेत्यानें पैसे परत करून जमीन मागावी. खरेदीदारास जमीन ठेवावयाची असेल तर त्यानें उरलेली किंमत भरावी, असा त्याचा आशय आहे. मध्ययुगांतील पंडितांनीं या तत्त्वास ‘लेझिओ एनॉर्मिस’ असें नांव दिलें. येथेंच भाषांतरकारासाठीं पहिला खड्डा आहे. ‘एनॉर्मिस’ हा शब्द पाहतांच ‘प्रचंड’ असा अर्थ मनांत येतो. परंतु मुळांत त्याची फोड ‘नॉर्मा’च्या, म्हणजे नियमाच्या किंवा गुण्याच्या, बाहेर गेलेलें अशी आहे. गंवड्याच्या गुण्यांत न बसणारी भिंत जशी वांकडी ठरते, तसा नियमाच्या मापांत न बसणारा सौदा वांकडा ठरतो. नुकसान डोळ्यांना किती मोठें दिसतें हा प्रश्न नाहीं. तें ठरलेल्या मापाच्या बाहेर गेलें कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

हें माप प्रत्यक्षांत कसें चालतें याचा उत्तम नमुना चिली देशाच्या १८५५ सालच्या दिवाणी संहितेंत आढळतो. आंद्रेस बेलो या विद्वानानें ती रचली. समजा, एका शेताची योग्य किंमत ४० लाख रुपये आहे. तें २० लाखांस विकलें गेलें तर या संहितेप्रमाणें लेसिओन होत नाहीं. कारण २० लाख म्हणजे बरोबर अर्धे. तें १८ लाखांस गेलें तर मात्र होते. उलट खरेदीदारानें त्याच शेतासाठीं ८० लाखांहून अधिक रक्कम मोजली असेल, तर लेसिओन त्याची झाली असें समजतात. योग्य किंमत धरावयाची ती सौद्याच्या वेळची, दाव्याच्या वेळची नव्हे. १८ लाखांचा व्यवहार न्यायालयानें मोडावयाचें ठरविलें, तर खरेदीदारापुढें दोन वाटा असतात. एक तर त्यानें शेत परत करावें. नाहींतर योग्य किंमतींतून दहावा हिस्सा वजा करून, म्हणजे ३६ लाखांच्या हिशेबानें, उरलेले १८ लाख विक्रेत्यास आणून द्यावे. ही दाद सौद्यापासून चार वर्षांच्या आंत मागावी लागते, आणि ‘ही दाद मी मागणार नाहीं’ असें विक्रेत्याकडून आधींच लिहून घेतलें तरी तें लिहिणें निरुपयोगी ठरतें.

या संहितेंत आणखी एक मर्यादा आहे. जंगम मालाच्या विक्रीस, तसेंच न्यायालयामार्फत झालेल्या विक्रीस, हा नियम लागत नाहीं. तेव्हां विंचूरच्या आवारांत कांदा कितीही स्वस्त गेला तरी सांतियागोच्या न्यायाधीशासही त्यांत लेसिओन दिसणार नाहीं. उघड्या लिलावांत चार व्यापाऱ्यांनीं बोली बोलून जो भाव ठरला तो त्या दिवसापुरता बाजाराचाच भाव होय. तो पडला हें शेतकऱ्याचें दुर्दैव खरें, आणि त्यावर सरकारी धोरणाचा उपाय असूं शकेल. परंतु तो एका माणसानें दुसऱ्याशीं केलेला वांकडा सौदा नव्हे.

आतां एक लहानसें आश्चर्य. शब्द एकच, भाषा एकच. पण देश बदलला कीं माप बदलतें. खुद्द स्पेनच्या १८८९ सालच्या दिवाणी संहितेनें लेसिओनचा दरवाजा बहुतेक बंद करून टाकला. पालकानें पाल्याच्या वतीनें योग्य परवानगीवांचून केलेला व्यवहार, परागंदा इसमाच्या वतीनें झालेला व्यवहार आणि वारसांमधील वांटणी अशा थोड्या ठिकाणींच तिनें तो किलकिला ठेवला. आणि तेथें माप अर्ध्याचें नसून पाव हिश्श्याहून अधिक नुकसानीचें आहे. त्याच स्पेनमधील कॅटालोनिया प्रांताच्या स्वतंत्र कायद्यानें मात्र अर्ध्याचें जुनें माप जपलें. मेक्सिकोच्या १९२८ सालच्या संहितेंत तर आंकडाच नाहीं. समोरच्याचें घोर अज्ञान, उघड अननुभव किंवा पराकाष्ठेचें दारिद्र्य यांचा फायदा घेऊन कोणी बेसुमार नफा उकळला असेल तर ती लेसिओन, असें ती सांगते. म्हणजे चिलीमध्यें न्यायाधीश गणित करतो, आणि मेक्सिकोमध्यें तो माणसांची परिस्थिति पाहतो. कागदावर ‘लेसिओन’ हा शब्द दिसला म्हणजे तो कागद कोणत्या देशांत लिहिला गेला हें आधीं विचारलें पाहिजे.

असा कागद जेव्हां इंग्रजींत न्यावयाचा असतो तेव्हां खरी पंचाईत होते. कारण इंग्रजी कायद्यास हें माप ठाऊकच नाहीं. दोन शहाण्या माणसांनीं राजीखुशीनें सौदा केला, तर किंमत पुरेशी आहे कीं नाहीं हें न्यायालयानें तोलूं नये, अशी त्याची जुनी शिस्त आहे. भाषांतरकारापुढें साधारणपणें तीन शब्द उभे राहतात, आणि तिन्ही आपापल्या परीनें दगा देतात. ‘इन्ज्युरी’ म्हणावें तर वाचणाऱ्यास अंगावरची दुखापत आठवते. ‘इनॅडिक्वेट कन्सिडरेशन’, म्हणजे अपुरा मोबदला, म्हणावें तर इंग्रजी वकील तत्काळ म्हणेल कीं, ‘मोबदला अपुरा असला म्हणून काय झालें? करार पक्काच आहे.’ जो शब्द स्पॅनिश विक्रेत्यास दाद मिळवून देत होता, त्याचें भाषांतर होतांच ती दाद नाहींशी होते! तिसरा शब्दप्रयोग ‘अन्कॉन्शनेबल बार्गेन’, म्हणजे सदसद्विवेकास न पटणारा सौदा. तो ऐकावयास बरोबर वाटतो, आणि मेक्सिकोच्या अर्थाशीं जुळतोही. पण चिलीच्या विक्रेत्यावर त्यामुळें नवेंच ओझें पडतें. त्यास केवळ अर्ध्याहून कमी किंमत सिद्ध करावयाची होती. आतां आपल्यावर दडपण आलें, आपल्या दुबळेपणाचा फायदा घेतला गेला, हेंही त्यानें सिद्ध करावें असा समज होतो.

म्हणून जाणत्या कायदेकारांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील लुइझियाना हें राज्य एके काळीं फ्रेंच व स्पॅनिश अंमलाखालीं होतें. तेथें इंग्रजी बोलणाऱ्या न्यायाधीशांनींही ‘लेशन’ हा शब्द तसाच ठेवला आणि त्यास ‘अर्ध्यापलीकडील’ असें विशेषण जोडलें. फिलिपाइन्स बेटांत स्पेनची संहिता चालत असे; १९५० सालीं तिच्या जागीं इंग्रजींत लिहिलेली नवी संहिता आली. तिनेंही ‘लेशन’ हा शब्द टाकला नाहीं, आणि केवळ अपुऱ्या किंमतीसाठीं निराळे शब्द वापरले. पहिल्या वेळीं शब्द मूळचाच ठेवावा, त्याचें माप एका वाक्यांत सांगावें, आणि पुढें तोच शब्द न बदलतां चालवावा, ही रीत सर्वांत निर्धोक ठरली.

याच जातीचे आणखी दोनतीन शब्द फसवे आहेत. स्पॅनिश ‘प्रेसिओ विल’ म्हणजे नीच किंमत नव्हे, तर फार हलकी किंमत. ‘प्रेसिओ इर्रिसोरिओ’ म्हणजे हंसण्यावारी नेण्यासारखी किंमत. ती इतकी नाममात्र असते कीं, तेथें किंमत ठरलीच नाहीं आणि विक्री झालीच नाहीं असेंही म्हणतां येतें. आणि ‘हुस्तिप्रेसिओ’ या शब्दाचे तुकडे केले तर ‘योग्य किंमत’ असा अर्थ निघतो खरा. परंतु स्पेनच्या कायद्यांत तो शब्द सरकारनें सक्तीनें जमीन घेतली असतां द्यावयाच्या मोबदल्यास लावतात. खाजगी खरेदीविक्रीच्या वादांत तो घालणें म्हणजे भूसंपादनाचा कागद खरेदीखतास चिकटविण्यासारखें आहे.

पोर्तुगालचा मार्गही असाच वळणावळणाचा आहे. १६०३ सालच्या जुन्या राजाज्ञांत योग्य किंमतीच्या अर्ध्याहून अधिक फसलेल्या विक्रेत्यास व्यवहार मोडण्याची मुभा होती. १८६७ सालची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० मध्यें गोव्यांत लागू झाली, तेव्हां ती मुभा आकसली. केवळ लेझांवच्या सबबीवर विक्री मोडूं नये. त्या नुकसानीच्या पोटीं संमतीच बिघडविणारी चूक असेल, किंवा पक्षकारांनीं तसें उघड ठरविलें असेल, तरच मोडावी, असा नवा नियम झाला. म्हणजे १८७० च्या अलीकडला आणि पलीकडला असे दोन गोमंतकीय कागद हातीं आले, तर त्यांतील एकाच शब्दाचीं दोन भाषांतरें करावीं लागतील.

आतां आपल्या घरचा कायदा पाहूं. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यानें इंग्रजी शिस्तच उचलली, पण एक खिडकी उघडी ठेविली. त्याच्या २५ व्या कलमांत एक घोडा येतो. हजार रुपयांचा घोडा मालकानें दहा रुपयांस विकण्याचें कबूल केलें. त्याची संमति मोकळ्या मनानें दिलेली असेल तर करार पक्का. परंतु ‘माझी संमति मोकळी नव्हती’ असें मालक म्हणूं लागला, तर ही क्षुल्लक किंमत न्यायालयानें विचारांत घ्यावी. म्हणजे येथें कमी किंमत हा गुन्हेगार नव्हे. ती केवळ साक्षीदार आहे. याच कायद्याच्या १६ व्या कलमांत १८९९ सालीं सुधारणा झाली, आणि तेथें जें उदाहरण दिलें आहे तें जणूं दख्खनच्या खेड्यांतूनच उचललेलें दिसतें. आधींच कर्जांत असलेला माणूस गांवच्या सावकाराकडून जाचक अटींवर नवें कर्ज घेतो. तेथें गैरवाजवी दडपण आणलें नव्हतें हें सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर पडते.

परंतु खेड्यांतील कागदाची भाषा पाहिली कीं ही खिडकी किती अरुंद आहे हें कळतें. आपल्याकडील खरेदीखतांत ‘राजीखुशीनें व अक्कलहुशारीनें लिहून दिलें’ आणि ‘किंमत भरून पावली’ हीं वाक्यें ठरलेलींच असतात. लिहून देणारा रडत असला तरी लेखणी तेंच लिहिते. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें जे दंगे उसळले आणि नगरकडे पसरले, त्यांत लोकांचा रोख सावकारांच्या जिवावर फारसा नव्हता, तर त्यांच्या दस्तांवर होता. कागद हिसकावून जाळले गेले. कारण न्यायालयांत माणूस बोलत नसे, कागद बोलत असे.

त्यानंतर १८७९ सालीं दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. पुढें त्यांतील कांहीं कलमें मुंबई इलाख्याच्या इतर भागांसही लावण्यांत आलीं. मागाहून घातलेल्या एका कलमानें न्यायाधीशास फार मोठा अधिकार दिला. कागदावर विक्री लिहिली असली तरी तोंडी पुरावा घेऊन व्यवहाराचें खरें स्वरूप ठरवावें, आणि तें गहाण निघालें तर गहाणाप्रमाणें निकाल करावा. हा प्रश्न लेसिओनचा नव्हे आणि संमतीचाही नव्हे. हा तिसराच प्रश्न आहे. किंमत अर्धी का ठरली? तर ती शेताची किंमत नव्हतीच, ती थकलेल्या कर्जाची रक्कम होती. मुदतखरेदी आणि जुन्या दस्तांतील गहाण-लहाण या शब्दांत हीच गोष्ट दडलेली आहे. नांव खरेदीचें, जीव गहाणाचा. फिलिपाइन्सच्या ज्या संहितेचा वर उल्लेख आला, तिनेंही स्वतंत्रपणें हेंच लिहून ठेवलें आहे. परत घेण्याच्या हक्कासह झालेल्या विक्रींत किंमत असाधारण अपुरी असेल, तर तें गहाण समजावें. इतक्या दूरच्या बेटांवर आणि दख्खनच्या पठारावर कुणबी सारख्याच रीतीनें अडकत होता, याची ही खूण होय.

दख्खनचा तो कायदा पुढें गेला. त्याची जागा १९४७ सालच्या मुंबई शेतकरी ऋणको साहाय्य कायद्यानें घेतली. आजच्या घडीस महाराष्ट्रांत २०१४ सालचा सावकारी नियमन कायदा आहे. सावकारीच्या ओघांत कर्जाचें तारण म्हणून एखादी स्थावर मिळकत विक्री, गहाण वा अन्य मार्गानें सावकाराकडे गेली असेल, तर कर्जदाराच्या अर्जाच्या तारखेपासून मागील १५ वर्षांतील अशा व्यवहाराची चौकशी जिल्हा निबंधक करूं शकतो. खात्री पटल्यास तो दस्त अवैध ठरवून मिळकत परत देण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार त्यास आहे. विंचूरच्या त्या कुटुंबास दाद मिळालीच तर तिची एक वाट ही आहे. पण अर्जांत त्यानें काय लिहावें? ‘शेत मातीमोल गेलें’ एवढेंच लिहिलें, तर वाचणारा त्याचें रूपांतर ‘अपुरा मोबदला’ असें करील आणि अपुऱ्या मोबदल्यानें खरेदी मोडत नाहीं असें उत्तर देईल. त्याऐवजीं कर्ज केव्हां काढलें, किती फेडलें, किती थकलें, खरेदीखतांतील रक्कम त्या थकबाकीशीं कशी जुळते, खरेदीनंतरही शेत कोण वाहत होतें, हें त्यानें लिहावें. मग तोच मातीमोल भाव साक्षीदार म्हणून उभा राहतो.

येथें एक गंमतीची विसंगति नमूद करण्यासारखी आहे. महाराष्ट्र सरकार दरसाल गांवोगांवच्या जमिनींचे मूल्यदर तक्ते प्रसिद्ध करतें; लोक त्यांस रेडी रेकनर म्हणतात. म्हणजे योग्य किंमतीचा एक आंकडा आपल्याकडे छापील स्वरूपांत तयार असतो. परंतु तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठीं. खरेदीखतांत किंमत कमी दाखविली तर शुल्क बाजारमूल्यावर भरावें लागतें. विक्रेत्याच्या पदरांत मात्र त्यामुळें एक पैसाही अधिक पडत नाहीं. चिलीचा न्यायाधीश योग्य किंमत शोधतो ती विक्रेत्यासाठीं. आपल्याकडे ती शोधली जाते ती सरकारी तिजोरीसाठीं. यांत कोणाचें अधिक बरोबर हा वादाचा विषय आहे. अर्ध्याचें माप कडक ठेवलें तर कोणतीही खरेदी निर्धास्त राहत नाहीं, आणि गरजूस घाईनें विकावयाचें असतां गिऱ्हाईकच पुढें येत नाहीं, असा विरुद्ध पक्ष आहे. स्पेन आणि पोर्तुगाल यांनीं माप आंखडतें घेतलें त्यामागें अशाच विचाराचें बळ होतें.

तेव्हां हलक्या किंमतीला कायदे तीन प्रश्न विचारतात. किंमत मापाहून किती खालीं गेली? संमति मोकळी होती काय? आणि ही खरोखर विक्रीच होती काय? लेसिओन पहिल्या प्रश्नाचें अपत्य, अपुरा मोबदला दुसऱ्याचा साक्षीदार, आणि मुदतखरेदी तिसऱ्याचें गुपित. भाषांतर करणाऱ्यानें शब्दकोश उघडण्यापूर्वीं समोरचा कागद यांपैकीं कोणत्या प्रश्नाचें उत्तर देत आहे हें पाहिलें, तर बहुतेक चुका टळतात. आणि जो कुटुंबप्रमुख अडचणींत सांपडून जमीन लिहून देण्यास निघाला आहे, त्यानें तर सहीपूर्वींच एक गोष्ट पाहावी. पैसे फेडल्यावर जमीन परत मिळण्याची बोली झाली असेल, तर ती त्याच खरेदीखतांत लिहिली गेली पाहिजे. कारण १९२९ सालच्या दुरुस्तीपासून मिळकत हस्तांतरणाचा कायदा असें सांगतो कीं, ती अट त्याच दस्तांत नसेल तर अशी विक्री गहाण मानली जाणार नाहीं. वेगळ्या कागदावरचें किंवा पारावरचें वचन कितीही गोड असलें तरी त्याचें भाषांतर कोणत्याही न्यायालयाच्या भाषेंत सुखासुखीं होत नाहीं.